लुपीबाईची खानावळ

राणीसावरगाव,
१४ सप्टेंबर १९५८

स्वारींच्या चरणी मनकर्णाचा नमस्कार.

तुमचं निळं विमानपत्र परवा पोचलं. टपालवाल्या आश्रुबानं वेशीपासूनच ओरडत आणलं, "व्यंकटरावाच्या रामकिशनचं मेक्सिकोचं पत्र आलं!" मग काय, अर्धं गाव त्याच्या मागं. घरात वाचता मला एकटीलाच येतं, म्हणून मामंजींनी मला दाराआड बसवलं आणि मी पदर ओढून मोठ्यानं वाचलं. नवऱ्याचं पत्र चार गड्यांना वाचून दाखवायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. बरं आहे, माझ्यासाठी वेगळं असं तुम्ही त्यात काहीच लिहीत नाही. लाजायची पाळीच येत नाही.

मक्याच्या बियाण्याची तालीम तुम्ही चार ओळींत उरकली आणि बाकीचं पत्र जेवणानं भरलं. मामंजींचं तोंड वाकडं झालं, पण सासूबाईंना तेच हवं होतं. "लेकरू काय खायलंय ते आदी वाच," म्हणून त्यांनी तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला लावला. आता गावातल्या शेंबड्या पोराला सुद्धा ठाऊक झालंय की, तुमच्या कॉलेजसमोर लुपे नावाच्या बाईची खानावळ आहे, तिथं मेजाला खुर्च्या लावून जेवतात आणि भाकरीला तोर्तिया म्हणतात. ती मक्याची असते, तळहाताएवढी. "तळाताएवढी?" सासूबाई म्हणाल्या. "माय माय! किती खावा लागत आसतील माझ्या लेकराला!" लुपेची त्यांनी लगेच लुपीबाई करून टाकली.

निवडुंगाच्या भाजीचं वाचलं तेव्हा मात्र मामंजींनी तोंडातली सुपारी थुंकली. "आरं, आपून ज्याचं कुंपण घालतो ते खातेत व्हय?" सगळे हसले. मीही हसले. आपल्या परसाला तिन्ही बाजूंनी फड्या निवडुंगच आहे, मी रोज त्याच्याकडं बघत भांडी घासते. एखादीनं रोज थोडं थोडं चिरून खाल्लं तर वाट निघेल का, असं उगाच मनात आलं.

एक गोष्ट तुम्हाला कुणी कळवली नसेल. तुमच्या नावाचं ताट इथं अजून रोज संध्याकाळी वाढतात. गावाला गेलेल्याचं ताट मोडू नये, असा या घरचा रिवाज. भाकरी, पिठलं, वर तुमच्या आवडीचा झणझणीत ठेचा. सगळ्यांची जेवणं उरकली की ते ताट मी खायचं. गार झालेलं असतं, पण अन्न वाया जाऊ द्यायचं नाही. मला वेगळं ताट नाही. मला तिखट सोसत नाही हे तुम्हाला माहीत आहे का? लग्नानंतर वर्षभर आपण एका घरात होतो, म्हणजे माहीत असायला हरकत नाही.

आता कामाचं. गंगाखेडहून ग्रामसेविका कमलबाई येतात, त्या म्हणतात, मी सातवी पास आहे, तेवढं पुरतं. परभणीला ग्रामसेविकेची वर्षभराची तालीम, राहायला वसतिगृह, मग नोकरी. येत्या जूनमध्ये नाव घालतील. मामंजी म्हणाले, "नवऱ्याची इजाजत येऊ दे, मग बगू." तेव्हा पुढच्या पत्रात एवढी एकच ओळ लिहा: तिला जाऊ द्या. एका तोर्तियाएवढीसुद्धा जागा लागणार नाही त्या ओळीला.

तुमची,
सौ. मनकर्णा

•

राणीसावरगाव,
२० जानेवारी १९५९

स्वारींस नमस्कार.

तिळगूळ इतक्या लांब पाठवता येत नाही, म्हणून सासूबाईंनी तुमच्या ताटात वाढला. मीच खाल्ला. या वर्षात माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच गोड.

तुम्ही लिहिलं होतं की, लुपीबाई मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, मग पाट्यावर वाटून भाकऱ्या थापते. झालं! सासूबाईंनी हट्टच धरला की लेकरू खातं ते आपण खाऊन बघायचं. शेताच्या धुऱ्यावरची मक्याची कणसं सोलली. तुम्ही चुना किती ते लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, चिमूटभर घालू. "एवढ्या मक्याला चिमूटभर?" असं म्हणून त्यांनी पानाच्या डब्यातला सगळा चुना पातेल्यात उलटा केला.

वासानंच मला कळलं होतं, पण माझं कोण ऐकतं! त्या दिवशी पाव्हणे म्हणून राणीसावरगावचे चार शहाणे जेवायला बोलावले होते. सासूबाईंनी निवडुंगाचं पान सुद्धा चिरलं. काटे काढता काढता बोटं सोलली, तरी ऐकेनात. लुपीबाई घेवडा घोटून वाढते असं तुम्ही लिहिलं होतं, त्याच्या जागी वालाची उसळ घोटून ठेवली आणि पंगत बसली. मामंजींनी पहिला घास घेतला, चावला, आणि थांबले. पाव्हण्यांनी त्यांच्याकडं बघून चावायचं थांबवलं. जिभा भाजल्या हो सगळ्यांच्या! मामंजी दोन दिवस ताकावर होते. बोलता येत नव्हतं, त्यामुळं घर लय शांत होतं.

सासूबाई मात्र रडल्या. "आसलं खायलंय माझं पोरगं," म्हणत राहिल्या. मी समजावलं की चूक चुन्याची आहे, लुपीबाईची नाही. तेव्हा जरा सावरल्या.

हसून हसून माझी पुरेवाट झाली, खरं सांगते. पण रात्री अंथरुणावर आठवलं की तुमच्या पत्रात माझी ओळ नव्हती. लुपीबाईच्या खानावळीतल्या पडद्याचा रंग होता, मिरच्यांच्या जाती होत्या, अंगणातल्या कोंबड्या होत्या. विसरला असाल. पुन्हा विचारते. जून दूर नाही. तिला जाऊ द्या, एवढंच लिहायचं आहे.

मनकर्णा

•

राणीसावरगाव,
३ मे १९५९

नमस्कार.

तुमची तालीम आणखी एक वर्ष वाढली, हे वाचून दाखवताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. मामंजींनी पेढे वाटले. वाढली म्हणजे पोराची किंमत वाढली, असं त्यांनी धरलं.

माझ्या ओळीचं काय झालं? तिसऱ्यांदा विचारते आहे. कमलबाई परवा मुद्दाम येऊन मामंजींशी बोलल्या. मामंजी म्हणाले, "बाई, तुमी सरकारच्या, आमी घरचे. आमच्या सुनेचा मालक परदेशात हाय, त्याची चिठ्ठी आल्याबिगर ती उंबरा ओलांडणार न्हाई." कमलबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

माहेरी जावं म्हटलं तर आई नाही आणि भाऊजय कशी आहे ते तुम्ही जाणता. इकडं आड, तिकडं विहीर. शेतात जाऊ देत नाहीत, कारण परदेशवाल्याची बायको रोजगारणींत कशी बसणार? विहिरीवर जायचं तर सोबत कुणीतरी पाहिजे. तुम्ही मोठे झालात आणि माझं अंगण तेवढं लहान झालं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही लिहिलं, रविवारी खानावळ बंद असते, पण लुपे तुम्हाला बोलावते आणि मग ती आणि तुम्ही एकाच मेजावर समोरासमोर बसून जेवता. मामंजी म्हणाले, "परमुलखात रिवाज आसतेत." असतील. मला त्या बाईचा राग नाही आला. मला खुर्चीचा राग आला. गरम गरम अन्न पुढ्यात घेऊन, समोरच्याशी बोलत, आपल्या भुकेनं जेवायचं. कसं लागत असेल?

इजाजत पाठवा. तारेनं पाठवा. आजवर तुमच्याजवळ दुसरं काही मागितलं नाही.

मनकर्णा

•

राणीसावरगाव,
९ जुलै १९५९

परभणीची तालीम सुरू झाली. माझ्याविना.

तुमचं पत्र आलं होतं. त्यात मोले नावाच्या कालवणाची कृती होती. मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि गोड काहीतरी. सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "लुपीबाई सुगरण दिसती."

हो, म्हटलं, दिसते.

मनकर्णा

•

राणीसावरगाव,
१८ नोव्हेंबर १९५९

रा. रामकिशन यांस,

नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही. काल जे घडलं ते लिहायला मला स्वारी, चरण वगैरे शब्द सुचत नाहीत.

तुमचं दिवाळीचं पत्र काल आलं. नेहमीसारखी दाराआड बसून वाचत होते. मामंजी खाटेवर, सासूबाई वाती वळत. तुम्ही लिहिलेलं पुन्हा उतरवते, म्हणजे तुम्हाला आठवेल: "आता मी मेजावर बसतच नाही, आत चुलीपाशीच बसतो. घेवडा घोटून आटवतात, अगदी आपल्या पिठल्यासारखा. तळाला धरलेली खरवड लुपे उलथन्यानं काढते आणि माझ्या ताटात टाकते. आईच्या हातच्या खरवडीची आठवण होते."

मामंजी खुशीत म्हणाले, "बगा, पोरानं आईची आठवण काढली!"

सासूबाईंचा हात वातीवरच थांबला. "परत वाच," म्हणाल्या. मी वाचलं. "खरवड म्हणलाय? त्यानंच लिवलंय, का तू मनानं म्हणायलीस?"

"त्यांनीच लिहिलंय."

त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीपुढं बसल्या होत्या, चूल विझलेली. मला म्हणाल्या, "मनकर्णे, खानावळवाली ताट भरून वाढंल. जीव आसला तर दोन पळ्या जास्त बी वाढंल. पर खरवड? आगं, खरवड पैशानं मिळत न्हाई. ती घरच्याची आसती. मी या घरात सून म्हणून आले, माझी सासू मरूस्तोर मला खरवड मिळाली न्हाई. ती द्यायची तिच्या लेकाला."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. पिठल्याची खरवड मलाही या घरात कधी मिळालेली नाही. तुम्ही होता तेव्हा तुमची, तुम्ही गेल्यावर मामंजींची; तुमच्या नावाच्या ताटात सुद्धा ती कधी पडली नाही.

खरं सांगू का? मला मे महिन्यापासून कळत होतं. वाढते, बोलावते, बसतो, जेवतो. तुमच्या पत्रांतलं ते मेज हळूहळू चुलीकडं सरकत होतं. पण मी कुणाजवळ बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती. जिला शाळेची पायरी माहीत नाही, त्या बाईला खरवडीच्या एका शब्दावरून सगळं कळलं आणि तिनं ते बोलून टाकलं. मला आधी हायसं वाटलं, आणि मग रडू फुटलं.

संध्याकाळी पिठलंच होतं. सासूबाईंनी ताटं मांडली. तुमचं मांडलं नाही. मामंजी म्हणाले, "रामकिशनचं ताट?"

"ते जेवलंय," सासूबाई म्हणाल्या.

मग माझा हात धरून त्यांनी मला पाटावर बसवलं. मामंजींच्या देखत. कढईला खडखड उलथनं लावून खरवड काढली आणि माझ्या ताटात टाकली. लय तिखट होती. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी सगळी खाल्ली.

मामंजी ताटावरून उठले. "हे काय चाललंय घरात?" असं ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला पुढच्या जूनला परभणीला धाडायचं."

"इजाजत न्हाई आली आजून."

"आली की! आतली खरवड खायलंय तुमचं पोरगं. आनखी कोनती चिठ्ठी पायजे?"

मामंजी पाय आपटत ओसरीवर निघून गेले. हो पण म्हणाले नाहीत. आज सकाळपासून ते माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत.

तुमच्याकडं आता काही मागत नाही. फक्त कळवलं.

मनकर्णा

•

परभणी,
२६ जून १९६०

रा. रामकिशन यांस,

हे पत्र घरून नाही, हे वरच्या पत्त्यावरून कळलंच असेल.

मे महिन्यात तुमचं पत्र आलं आणि त्यात चक्क माझं नाव! इतक्या वेळा एक ओळ मागितली, ती शेवटी आली: "मनकर्णाला परभणीला पाठवू नये, लोक नावं ठेवतील. तिला घरी काही कमी नाही. मी दिवाळीला महिनाभर येतो, तेव्हा बघू." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी ती ओळ गिळून टाकू शकले असते. पण दाराआड बसून जशी आहे तशी मोठ्यानं वाचली. तुमच्यासारखं वागायचं नाही, एवढंच तेव्हा मनात होतं.

मामंजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "आली बग चिठ्ठी!" गावही त्यांच्या बाजूचं. सासूबाई सुद्धा डगमगल्या. "दिवाळीला येतो" हे शब्द त्यांनी मला कितीदा वाचायला लावले! रोज भाकरी थापताना पुटपुटायच्या, "येतो म्हणलाय. मंग आसं कसं? माझंच काई चुकलं का काय?" मला वाटलं, संपलं. परसातल्या निवडुंगाला फुलं आली होती, पिवळी. त्यांच्याकडं बघत भांडी घासत राहायचं, एवढंच माझ्या नशिबी.

आणि एका सकाळी त्यांनी माझी ट्रंक स्वतः ओसरीवर आणली. मामंजींना म्हणाल्या, "मी सोडून येते हिला. मला बी परभणीत एक काम हाय."

"तुझं काय काम परभणीत?"

"हाय एक."

मामंजी खाटेवर तोंड फिरवून निजले. त्यांनी अडवलं नाही, पण आशीर्वादाला वाकले तर पाय ओढून घेतले. वर्षानं परत यायचं आहे त्याच घरात. ते पाय तेव्हा तरी जागेवर असतील का, कोण जाणे.

गंगाखेडपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. गोदावरीचा पूल आला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले आणि पुलाखालचं पाणी दिसेनासं होईपर्यंत सोडले नाहीत. परभणीला उतरलो तेव्हा जेवणवेळ झाली होती. बरोबर भाकरी बांधलेली होती, पण सासूबाई स्टेशनासमोरच्या खानावळीपुढं थांबल्या. "हितं जेवायचं," म्हणाल्या.

"आत्याबाई, हॉटेलात? आपण?"

"चल म्हणलं ना."

चपला त्यांनी देवळासारख्या बाहेर काढल्या. मालकानं आम्हाला पडद्यामागं बसवलं. मेज होतं, खुर्च्या होत्या. सासूबाई खुर्चीच्या काठावर टेकल्या, मोडेल की काय अशा. मी मात्र नीट बसले. मालकानं येऊन विचारलं, "काय आणू बाई?" सासूबाई म्हणाल्या, "तिला इचारा. मला कामून इचारता?"

आणि मला काही सांगताच येईना हो! वरण आहे, वांग्याची भाजी आहे, पिठलं आहे, ठेचा आहे, असं तो सांगत होता. तुम्हाला काय आवडतं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. मामंजींना काय, सासूबाईंना काय, तेही. मला काय आवडतं, हे आठवायला मला किती मागं जावं लागलं! शेवटी आईच्या घरचं आठवलं. म्हटलं, "गोडं वरण आहे का? बिनतिखटाचं? आणि भात."

"हाय की बाई."

गरम वरणभात आला, वर तूप. मी खाल्ला. तुमच्या सगळ्या पत्रांतल्या सगळ्या जेवणांपेक्षा चांगला होता. मी तिथं नव्हते, तरी पैजेवर सांगते.

सासूबाईंनी मात्र दोनच घास खाल्ले. त्यांचं सगळं ध्यान पडद्याकडं. मालक भात घेऊन आला तसं त्यांनी त्याला हळूच विचारलं, "मालक, पिठल्याची खरवड आसंल तर जराशी द्या. पैशे देते."

तो हसला. "मावशी, खरवड कशी देणार गिऱ्हाइकाला? ती आमच्या घरची माणसं खातेत. भात घ्या आनखी, पायजे तेवढा."

"कुनालाच देत न्हाईत?"

"न्हाई मावशी."

"रोज येणाऱ्याला बी न्हाई? दोन-तीन वर्सं येत आसंल, परमुलखातलं एकटं लेकरू आसंल, तर?"

त्यानं भाताचं पातेलं खाली ठेवलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "तसं न्हाई देत कुनाला. आता एखादं आत चुलीपाशी येऊन बसायला लागलं, तर गोष्ट निराळी. पर मंग ते गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई ना, मावशी. ते घरचंच झालं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मला त्यांचं परभणीतलं काम कळलं. जन्मात त्या कधी खानावळीत गेल्या नव्हत्या. आपल्याला काय ठाऊक तिथली रीत, खानावळीत गिऱ्हाइकालाही खरवड देत असतील, एवढीच आशा धरून त्या इथवर आल्या होत्या. माझ्यासाठी नव्हत्या आल्या. तुमच्यासाठी आल्या होत्या. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण नाही आला. मी त्यांच्या ताटातला भात कालवून दिला. त्यांनी लहान पोरासारखा मुकाट्यानं खाल्ला.

वसतिगृहाच्या फाटकाशी मला सोडताना म्हणाल्या, "त्याला माझं लिवून टाक. मी सांगते तसंच लिव." तर त्यांच्या शब्दांत लिहिते:

"दिवाळीला ये. पाटावर बशिवते, रांगोळी घालते, ताट भरून वाढते. पाव्हण्याला या घरात कमी पडायचं न्हाई. पर खरवड मागू नको. ती आता मनकर्णाची हाय."

इथल्या फाटकालाही संध्याकाळी कुलूप लागतं. बाहेर जायचं तर वसतिगृहाच्या बाईंची इजाजत. उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण जेवायला रांगेत बसवतात आणि प्रत्येकीला वेगळं ताट असतं. मी माझा ठेचा शेजारणीला देऊन टाकते.

घंटा झाली. वाढायला लागले असतील, ताट गार होईल. जाते.

मनकर्णा